यंत्राशी संभाषण

मागाचा खडखडाट ज्याच्या कानावर कधी पडला नाही असा विद्यार्थी आपल्या सुरत शहरात सापडणे कठीण. लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत राहणाऱ्या कितीतरी मराठी कुटुंबांची चूल मागाच्या आधारावर पेटते. तुमच्यापैकी कोणी जकार्ड माग पाहिला असेल, तर त्याच्या माथ्यावरून सावकाश सरकणारी पुठ्ठ्याची भोके पाडलेली पाने त्याला आठवतील. फ्रान्समधील लिआँ शहरच्या जोसेफ मारी जकार याने १८०४ च्या सुमारास ही युक्ती सिद्ध केली. पानावर जेथे भोक असेल तेथील ताण्याचा दोरा वर उचलला जातो. जेथे भोक नसेल तेथील दोरा खालीच राहतो. अशी शेकडो पाने ओळीने गेली म्हणजे कापडावर वेलबुट्टी उमटते. पुठ्ठ्याचे पान म्हणजे यंत्राला दिलेली लेखी आज्ञाच होय.

परंतु या आज्ञेत एक उणीव आहे. पान सांगते, पण विचारू शकत नाही. दोरा उचलला गेला की नाही, मध्येच तो तुटला की काय, याची त्या पानाला वार्ताही नसते. आज ज्या यंत्राची ओळख मी करून देणार आहे ते आज्ञा ऐकते आणि विचारल्यास उत्तरही देते. त्याचे नाव ऑसिलोस्कोप. मराठीत त्याला दोलनदर्शक असे म्हणतात. मी भाषेचा शिक्षक. विज्ञानाच्या प्रांतात माझा अधिकार नाही. तरीही हा लेख लिहिण्याचे धाडस करीत आहे, कारण या यंत्राला दुरून आज्ञा देण्याची विद्या ही निम्म्याहून अधिक व्याकरणाची विद्या आहे, असे माझ्या प्रत्ययास आले.

प्रथम यंत्राविषयी. वीज डोळ्यांना दिसत नाही. आपल्या घरातील वीज एका सेकंदात ५० वेळा पूर्ण हेलकावा घेते. दिव्याकडे पाहून मात्र तिचा हा झोका कोणालाही ओळखता येणार नाही. १८९७ साली कार्ल फर्डिनांड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञाने निर्वात नळीतील किरणांच्या साहाय्याने विजेचा हा चढउतार पडद्यावर रेखून दाखविला. त्यातूनच पुढे दोलनदर्शक निर्माण झाला. तुम्ही आलेखाच्या कागदावर क्ष आणि य अक्ष काढता, तसाच आलेख या यंत्राच्या पडद्यावर उमटतो. आडव्या अक्षावर काळ, उभ्या अक्षावर विद्युत् दाब. यंत्राच्या तोंडावर मुख्यतः तीन प्रकारच्या कळा असतात. एकीने उभ्या चौकटीला किती व्होल्ट समजावयाचे ते ठरते. दुसरीने आडव्या चौकटीला किती वेळ समजावयाचा ते ठरते. आणि तिसरी, जिला ट्रिगर म्हणतात, ती रेघ ओढण्यास नेमक्या कोणत्या क्षणी आरंभ करावयाचा ते ठरविते. (येथेच एक इशारा देऊन ठेवतो. घरातील विजेला असले कोणतेही यंत्र जाणत्या माणसावाचून जोडू नये.)

आता प्रश्न असा की, कळा हातांनी फिरविता येत असताना दुरून आज्ञा देण्याची गरज का पडावी? याचे उत्तर मला आपल्याच शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याकडून मिळाले. तो सध्या अभियांत्रिकीचे शिक्षण घेत आहे. त्याचे वडील रात्रपाळीला माग चालवितात. त्यांच्या एका मागावरील इलेक्ट्रॉनिक बोर्ड मध्यरात्रीनंतर अधूनमधून दगा देई आणि माग थांबे. सकाळी दुरुस्ती करणारा येई तेव्हा तेच बोर्ड निमूटपणे चाले. तपासणारा म्हणे, बोर्ड चांगले आहे. मग दोष कोणाचा? रात्री माग थांबतो याचा अर्थ रात्रीचा कारागीर झोपतो, असा बोल त्या गृहस्थांना ऐकून घ्यावा लागला. विणलेल्या मीटरवर मजुरी असल्यामुळे बोलाबरोबर पैशाचेही नुकसान होते. मुलाने मालकांकडून ते बोर्ड दोन दिवसांकरिता मागून घेतले आणि प्राध्यापकांच्या परवानगीने प्रयोगशाळेत दोलनदर्शकाला जोडले. बोर्डाला पाच व्होल्टचा पुरवठा लागत असे. हा पुरवठा रात्रभरात केव्हा ढळतो ते पाहावयाचे होते. रात्री आठपासून सकाळी सहापर्यंत दर मिनिटास एकदा, म्हणजे ६०० वेळा, कोणी मनुष्य पडद्यापुढे बसून नोंद करील काय? हे काम संगणकाने करावे, यंत्राला आज्ञा द्यावी, उत्तर घ्यावे आणि लिहून ठेवावे, हाच मार्ग योग्य होता.

यंत्रांनी एकमेकांशी बोलावे ही कल्पना तशी नवी नाही. अमेरिकेतील ह्यूलेट-पॅकार्ड या कंपनीने १९६० नंतरच्या दशकात आपल्या मोजमापाच्या यंत्रांसाठी तारांची एक जोडणी तयार केली आणि १९७५ साली तिला सर्वमान्य मानकाचे स्वरूप मिळाले. एका वेळी १५ यंत्रे या जोडणीत सामील होऊ शकत. तिच्यात निरोप वाहणाऱ्या १६ तारा असत. त्यांपैकी आठ तारांवरून अक्षरे जात, पाच तारा शिस्त राखीत आणि उरलेल्या तीन तारांचे काम फार मनोरंजक होते.

वर्गात आपण शुद्धलेखन घालतो तेव्हा काय करतो? शिक्षक एक शब्द उच्चारतात. सर्व मुलांनी तो लिहून मान वर केली म्हणजे मगच पुढचा शब्द सांगतात. चाळीस मुलांपैकी एकोणचाळीस मुलांचे लिहून झाले, पण एकाचे झाले नाही, तर सारा वर्ग त्या एकासाठी थांबतो. या तीन तारांची व्यवस्था हुबेहूब अशीच आहे. पहिली तार बोलणाऱ्याची: ‘अक्षर सांगितले आहे, घ्या.’ दुसरी ऐकणाऱ्यांची: ‘थांबा, आम्ही अजून सज्ज नाही.’ तिसरीही ऐकणाऱ्यांचीच: ‘थांबा, अक्षर अजून सर्वांना मिळाले नाही.’ ऐकणाऱ्यांपैकी एकाही यंत्राने तार धरून ठेवली की बोलणाऱ्याला पुढे जाता येत नाही. वर्गाचा वेग सर्वांत सावकाश लिहिणाऱ्या मुलावर ठरतो. परंतु त्यामुळेच कोणाच्याही वहीत अक्षर गळत नाही. आज हेच संभाषण बहुधा यूएसबीच्या किंवा संगणकजालाच्या तारेवरून होते. तारा बदलल्या, परंतु एकाने बोलावे, दुसऱ्याने ऐकावे आणि कोणी केव्हा बोलावे हे एका नियंत्याने ठरवावे, ही शिस्त तीच राहिली.

तारा जुळल्या तरी भाषा जुळावी लागते. आरंभी प्रत्येक कंपनीच्या यंत्राची बोली निराळी असे. एकाच अर्थाची आज्ञा एका यंत्राला एका शब्दात द्यावी लागे, तर दुसऱ्याला भलत्याच. माझ्या घरात कोंकणी बोलली जाते, शाळेत मी मराठीतून शिकवितो आणि बाजारात गुजरातीवाचून पान हालत नाही. तेव्हा तीन बोलींत वावरणाऱ्याची अडचण मी जाणतो. यंत्रांच्या बाबतीत ती दूर करण्यासाठी प्रथम १९८७ साली काही समान नियम घालून देण्यात आले आणि १३ आज्ञा तरी प्रत्येक यंत्राला समजल्याच पाहिजेत असे ठरले. पुढे १९९० साली अनेक कंपन्यांनी एकत्र येऊन मोजमापाच्या यंत्रांची एक सामाईक भाषा सिद्ध केली. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांचा उच्चार ‘स्किपी’ असा करतात. आजही प्रत्येक कंपनी आपले काही खास शब्द राखून आहेच. प्रमाणभाषा बोलतानाही माणसाच्या बोलण्यात गावाकडचा हेल येतो, तसेच हे आहे.

या भाषेचे व्याकरण थोडक्यात पाहू. प्रत्यक्षात आज्ञा रोमन लिपीत लिहितात. आपल्या सोयीसाठी मी त्या देवनागरीत देतो. सर्वांना समजणाऱ्या ज्या १३ आज्ञा सांगितल्या त्यांच्या आरंभी तारकेचे चिन्ह असते. संभाषणाचा आरंभ बहुधा पुढील प्रश्नाने होतो:

*आयडीएन?

याचा अर्थ, ‘तू कोण?’ यावर यंत्र स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या चार गोष्टी सांगते: करणाऱ्याचे नाव, नमुना, अनुक्रमांक आणि त्याच्या अंतर्गत आज्ञावलीची आवृत्ती. अनोळखी माणसाशी व्यवहार करण्यापूर्वी आपणही त्याचे नावगाव विचारतोच. इतर आज्ञा पायरीपायरीने खाली उतरतात आणि प्रत्येक पायरीवर अपूर्णविराम येतो:

:चॅनेल१:स्केल ०.५

म्हणजे, ‘पहिल्या वाहिनीची उभी चौकट अर्ध्या व्होल्टची धर.’ पत्रावर पत्ता लिहिताना आपण जिल्हा, तालुका, गाव असे उतरत जावे, तसे हे होय. अक्षरे मोठी की लहान याचा भेद यंत्र मानीत नाही. परंतु शब्दाच्या लांबीबाबत ते फार कडक आहे. चॅनेल या शब्दाची इंग्रजीत सात अक्षरे होतात. ती सातही लिहावीत किंवा पहिली चार लिहावीत. पाच लिहिली तर यंत्र तो शब्द ओळखीत नाही.

आता याच आज्ञेतील आकडा काढून तेथे प्रश्नचिन्ह ठेवा:

:चॅनेल१:स्केल?

आज्ञेचा प्रश्न झाला! यंत्र आता काही बदलत नाही. सध्या चौकट किती व्होल्टची आहे ते सांगते. जकाराच्या पानात जे नव्हते ते हे प्रश्नचिन्ह. आज्ञा दिली म्हणजे ती पाळली गेलीच असे समजू नये, उलट विचारून खात्री करावी, असा या विद्येचा पहिला धडा आहे. समजा, यंत्राच्या शक्तीबाहेरचा आकडा आपण सांगितला, तर ते आरडाओरडा करीत नाही. आपल्या मनाशी एक टिपण करून ठेवते. ‘सिस्टम:एरर?’ असे विचारले म्हणजे ते टिपण वाचून दाखविते. उणे ११३ असे उत्तर आले तर समजावे की आपला शब्दच त्याला कळला नाही. उणे २२२ आले तर आकडा मर्यादेबाहेर गेला. शून्य आले तर तक्रार नाही. विचारलेच नाही, तर टिपण तसेच पडून राहते आणि आपण आनंदात असतो!

पडद्यावरची सारी रेघच मागवावयाची असेल तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. पुष्कळ दोलनदर्शक पडद्याच्या उंचीचे २५६ भाग कल्पितात आणि रेघेवरील प्रत्येक बिंदूसाठी ० ते २५५ यांतील एक आकडा पाठवितात. हे आकडे व्होल्ट नव्हेत. ‘सत्तर गुण मिळाले’ एवढेच मुलाने घरी सांगितले तर वडील विचारतात, ‘किती पैकी?’ तसेच येथेही एका भागाचे किती व्होल्ट आणि शून्य कोठे धरले आहे, हे निराळे विचारून घ्यावे लागते. पैकीवाचून गुणांना अर्थ नाही.

एवढी सिद्धता झाल्यावर आपल्या माजी विद्यार्थ्याने आपली आज्ञावली लिहिली आणि रात्रभर चालविली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो ६०० नोंदींचे कागद घेऊन माझ्याकडे आला. प्रत्येक नोंदीत त्या वेळचा सर्वांत कमी दाब लिहिलेला होता. चेहरा उतरलेला होता. म्हणाला, ‘‘सर, बोर्ड खरोखरच चांगले आहे. रात्रभर दाब एकदाही ढळला नाही.’’ याचा दुसरा अर्थ काय होतो हे त्याने सांगितले नाही. सांगण्याची गरजही नव्हती.

मी कागद पाहू लागलो. व्होल्टचे ज्ञान मला बेताचेच. परंतु पहिल्या पानावर ४.९८, दुसऱ्या पानावर ४.९८ आणि शेवटच्या पानावरही ४.९८! पंधरा वर्षे मी उत्तरपत्रिका तपासीत आहे. चाळीस मुलांच्या निबंधांत एकच वाक्य जसेच्या तसे, त्याच काना-मात्रेसह आले, तर ती चाळीस उत्तरे नसतात. ते एकच उत्तर चाळीस वेळा उतरलेले असते. मी त्याला एवढेच म्हटले, ‘‘अरे, रात्रभरात यात शेवटचा आकडासुद्धा हलला नाही, हे तुला खरे वाटते काय?’’ तो क्षणभर कागदाकडे पाहत राहिला आणि काही न बोलता उठून गेला.

चूक कोठे झाली ते दुसऱ्या दिवशी त्याने मला समजावून सांगितले. यंत्राला त्याने एकदाच रेघ टिपून थांबावयास सांगितले होते. नंतर दर मिनिटास तो सर्वांत कमी दाब किती ते विचारीत होता. परंतु विचारण्यापूर्वी नवी रेघ टिपण्याची आज्ञा देत नव्हता. यंत्र प्रत्येक वेळी रात्री आठ वाजता टिपलेल्या त्याच रेघेकडे पाहून उत्तर देई. ते खोटे बोलले नाही. जे विचारले त्याचे त्याने अगदी प्रामाणिक उत्तर दिले. प्रश्नच चुकला होता.

मग त्याने क्रम सुधारला. आधी आज्ञा: नवी रेघ टीप. नंतर प्रश्न:

*ओपीसी?

म्हणजे, ‘सांगितलेले काम पुरे झाले काय?’ काम पुरे झाल्यावरच यंत्र १ हे उत्तर पाठविते. तोपर्यंत संगणकाने थांबून राहावयाचे. १ मिळाल्यावर मगच दाब विचारावयाचा, आणि सरतेशेवटी तक्रारीचे टिपणही वाचून घ्यावयाचे. (हा क्रम प्रत्येक कंपनीच्या यंत्रात थोडाफार वेगळा असतो, म्हणून यंत्राबरोबरची पुस्तिका वाचल्यावाचून पुढे जाऊ नये.) शुद्धलेखनातील ‘लिहून झाले का?’ हाच तो प्रश्न. घाई करणारा शिक्षक आणि घाई करणारा संगणक दोघांचेही काम सारखेच बिघडते.

दुसऱ्या रात्रीच्या नोंदी निराळ्याच निघाल्या. ४.९८, ४.९७, ४.९९, पुन्हा ४.९८: खऱ्या मोजमापात दिसते तशी किंचित चलबिचल पहिल्या काही तासांत होती. साडेतीन तासांनंतर मात्र एका नोंदीत दाब एकाएकी चार व्होल्टच्याही खाली उतरलेला दिसला. नंतर तसे पुन्हा पुन्हा घडू लागले. बोर्ड तापले म्हणजे सोल्डरचा एक तडकलेला सांधा किंचित सुटत होता. सकाळी थंड झाल्यावर तो पुन्हा टेकत होता. थोडेसे सोल्डर लावून सांधा पक्का झाला. मुलाने दोन्ही रात्रींचे कागद मालकांपुढे ठेवले आणि पहिल्या रात्रीचे कागद चुकीचे का, हेही आपण होऊन सांगितले. मला त्या दुरुस्तीपेक्षा या कबुलीचे कौतुक अधिक वाटले. त्याच्या वडिलांना नंतर कोणी झोपाळू म्हटले नाही.

ही एका मागाची गोष्ट झाली. परंतु हीच रीत फार मोठ्या कार्यातही उपयोगी पडते. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्यांपैकी १४ मध्यभागी जवळजवळ असून उरलेल्या १६ तीन दिशांना पसरलेल्या बाहूंवर आहेत; या साऱ्यांचा विस्तार सुमारे २५ किलोमीटरचा आहे. इतक्या दूरच्या प्रत्येक अँटेनाजवळ जाऊन ती हाताने कोण फिरविणार? एका नियंत्रण कक्षातून काचेच्या तंतूंवरून आज्ञा जातात आणि अँटेनांकडून खबर परत येते. आकाशाच्या एकाच बिंदूकडे तीसही अँटेनांनी पाहावयाचे असते. तेव्हा ‘वळ’ म्हणून भागत नाही, ‘वळलीस काय? आता कोठे पाहतेस?’ हेही कळावे लागते. दूरच्या तारकापुंजाचे संशोधन असो वा मागावरच्या बोर्डाची तपासणी असो, संभाषणाची रीत एकच: कोणाशी बोलत आहोत ते ओळखावे, नेमक्या शब्दांत सांगावे, काम पुरे होईपर्यंत थांबावे आणि मग विचारावे.

विद्यार्थीमित्रहो, व्याकरणाच्या तासाला तुमच्यापैकी काहींना कंटाळा येतो, हे मला ठाऊक आहे. एका प्रश्नचिन्हाने काय बिघडते, असे तुम्ही मनात म्हणता. माणसांशी बोलताना पुष्कळदा काही बिघडत नाही, हे खरे. कारण ऐकणारा आपल्या मनातले ओळखून घेतो. यंत्र मन ओळखीत नाही, ते फक्त शब्द ओळखते. म्हणून यंत्राच्या उत्तरावर विश्वास ठेवण्यापूर्वी आपण नेमके काय विचारले होते ते एकदा पुन्हा वाचून पाहावे. आणि उत्तर फारच नीटनेटके आले, एकही आकडा इकडचा तिकडे झाला नाही, तर दोनदा वाचून पाहावे. त्या कागदांवर एखाद्या कष्टाळू माणसाची अब्रू अवलंबून असू शकते.